सोललेल्या कोळंबीची सालं कुणाची?

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे सापडले आणि लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. चार दिवस सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललं होतं. कोळीवाड्यांत मात्र त्या भावाचं कारण कुणी कुणाला विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. घोळीचा खरा पैसा तिच्या मांसात नसतो, बोतात असतो. बोत म्हणजे पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून हाँगकाँग-सिंगापूरकडे जाते. मोठी घोळ मिळाली की बोताचा भाव वेगळा होतो, व्यापारी त्याची जाडी बोटांनी चाचपून बघतो. घोळीचा बोत कुणी कचऱ्यात टाकल्याचं तुम्ही कधी ऐकणार नाही. त्यासाठी कुठला परिसंवाद भरवावा लागला नाही की अनुदानाची योजना काढावी लागली नाही. भाव माहीत होता आणि माल ज्याच्या हातात होता त्याचाच होता, एवढं पुरलं.

हे सांगायचं कारण असं, की मासळीच्या कचऱ्यातून मौल्यवान पदार्थ काढण्याची चर्चा आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांनी नव्याने सुरू होते आणि दर वेळी ती तंत्रज्ञानावर येऊन थांबते. कोळंबीच्या सालांपासून कायटोसॅन, माशाच्या कातडीपासून कोलॅजेन, डोक्यांपासून तेल, आतड्यांपासून विकरं, म्हणजे एन्झाइम. 'कचऱ्यातून सोनं' हा मथळा तर ठरलेलाच. माझं म्हणणं असं आहे, की यातलं तंत्र जुनं आहे, बऱ्यापैकी सिद्ध आहे आणि आपल्याच देशात आहे. अडलंय ते दुसरीकडे. सोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सालांचं काय होतं आणि ती कुणाच्या मालकीची असतात, या दोन प्रश्नांकडे कुणी बघत नाही.

आधी माल किती आहे ते पाहू. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १७ लाख टन सागरी उत्पादनं निर्यात केली, किंमत ६२,४०८ कोटी रुपये. त्यात गोठवलेली कोळंबी एकटी ७ लाख ४१ हजार टन. यातली बहुतेक आंध्रच्या तळ्यांतली व्हॅनामी, हे मान्य. महाराष्ट्राचा वाटा त्या मानाने लहान, आणि आपली कोळंबी मुख्यतः समुद्रातली: चैती, कापशी, टेंगळी, लाल कोळंबी. पण कोळंबी कुठलीही असो, डोकं आणि साल मिळून वजनाचा ४० ते ५० टक्के भाग जातो. म्हणजे किलोभर सोललेल्या कोळंबीमागे जवळपास तेवढाच ढीग दुसऱ्या बाजूला साचतो.

या ढिगात तीन गोष्टी असतात: प्रथिनं, चुना आणि सालाला ताठपणा देणारं कायटिन. वाळलेल्या सालात कायटिन साधारण १५ ते २५ टक्के निघतं. सालं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवली की चुना विरघळतो, कॉस्टिक सोड्यात उकळली की प्रथिनं सुटतात, उरतं ते कायटिन. तेच पुन्हा तीव्र कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसॅन तयार होतं. कायटिन १८११ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला अळिंबीत सापडलं, कायटोसॅन १८५९ पासून माहीत आहे. कायटोसॅनमुळे रक्त लवकर गोठतं, म्हणून या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी सैनिकांच्या प्रथमोपचार पिशवीत त्याच्या पट्ट्या आल्या. सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला ते वापरतात. पिकांची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ते फवारतात, द्राक्षबागायतदाराला हे नाव नवं नाही.

आपल्याकडेही यावर काम करणाऱ्या संस्थांची वाण नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून आहे. कायटिन-कायटोसॅनची पद्धत तिने केव्हाच बसवली आणि उद्योगांना दिली. माशाच्या आतड्यांपासून शस्त्रक्रियेत विरघळणारा टाकेदोराही तिथे तयार झाला. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. केरळात मत्स्यफेड या मच्छीमारांच्या शिखर सहकारी संस्थेने कोल्लमजवळ नींदकरा इथे कायटिन-कायटोसॅनचा स्वतःचा प्रकल्प काढला. गुजरातेत वेरावळला खासगी कारखाने आहेत. तेव्हा 'संशोधन व्हायला हवं' हे वाक्य भाषणात ऐकलं की मला थोडा संशयच येतो. पुढचं काही करायचं नसेल तर ते फार सोयीचं वाक्य आहे.

आता मुंबईच्या ससून डॉकला या. १८७५ पासूनची ही गोदी. पहाटे लिलाव उरकतो आणि कोळंबीच्या पाट्या सोलणाऱ्या बायकांपुढे येतात. बायका ओल्या जमिनीवर ओळीने बसलेल्या असतात, बहुतेकींच्या अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला. डोकं मुरगळायचं, पाठीवरून नख घालून साल उतरवायचं, सोललेला गर डब्यात, साल बाजूला. मिनिटाला किती होतात ते मोजायच्या भानगडीत पडू नका, डोळा पुरत नाही. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो बोटांत शिरतो. बर्फाच्या पाण्याने कातडी पांढरी पडते, सोलते. मजुरी सोललेल्या कोळंबीच्या वजनावर मिळते. सालाचं वजन कुणी करत नाही.

आणि सालाचा ढीग? तो तिथेच. बर्फ लागतो तो गराला. सालं उन्हात, पायाखाली, माशांच्या आतड्यांत आणि कधी डिझेलच्या ओघळातही. इथेच सगळा व्यवहार बिघडतो. कोळंबीच्या डोक्यात तिचं यकृत असतं आणि त्यात जबरदस्त पाचक विकरं असतात. कोळंबी मेली की ती विकरं तिचंच अंग पचवू लागतात. दुसरं एक विकर डोक्याला काळं पाडतं, बाजारात कोळंबीच्या मानेशी जो काळेपणा दिसतो तो हाच. मुंबईच्या उकाड्यात काही तासांत प्रथिनं सडून अमोनियाचा वास सुटतो आणि लालसर रंगद्रव्य हवेने, उजेडाने फिकटतं. शेवटी तग धरतं ते फक्त कायटिन, तेही घाण झालेलं, म्हणजे धुवायला जास्त पाणी, जास्त आम्ल. मग कारखानदार म्हणतो मालाला दर्जा नाही, भाव पाडून मागतो. भाव पडलेला म्हणून माल सांभाळायचे कष्ट कुणी घेत नाही. थोडा माल वाळवून कोंबडीखाद्याला किंवा कायटिनवाल्यांना जातो, बाकीचा भरावावर नाहीतर खाडीत.

म्हणून माझ्या मते पहिला रुपया प्रयोगशाळेवर घालू नये. तो सोलायच्या जागेवरच घालावा: झाकणाचे डबे, डोकी आणि सालं वेगळी ठेवायची सोय, थोडा बर्फ, आणि दिवसातून दोनदा येणारी गाडी. दुधाच्या संकलन केंद्रावर फॅट लावून भाव देतात, तसा इथे ताजेपणा आणि वाळलेलं वजन बघून भाव द्यावा. हे काही भव्य नाही, उद्घाटनाला मंत्री यावेत असंही नाही. पण एक टन ओल्या सालांतून ढोबळ मानाने ४०-५० किलोच कायटिन निघतं. ती सालं कारखान्यापर्यंत सडकी पोचली तर वाहतुकीचा खर्चही निघणार नाही.

पण डबे ठेवले, बर्फ दिला, तरी तो बर्फ सालांवर कोण टाकणार? ज्या बाईला सालाचा एक पैसा मिळत नाही तिने ते का करावं? इथे मालकीचा प्रश्न येतो आणि तो महाराष्ट्राला अगदी ओळखीचा असायला हवा. ऊस आपल्याकडे फक्त साखरेच्या भावाने विकला जात नाही. मळी, बगॅस, त्यातून वीज, इथेनॉल: या सगळ्यात उत्पादकाचा वाटा किती, यावर आपण रस्ते अडवले, मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या. २०१२ मध्ये रंगराजन समितीने सूत्र मांडलं, साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नाचे ७० टक्के शेतकऱ्याला. २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय, साखर पट्ट्यातल्या वाचकांना मी काय सांगणार. पण उपपदार्थात कच्चा माल देणाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व राज्याने मान्य केलंय. किनाऱ्यावर ते कुणाला आठवतसुद्धा नाही. बोटमालक कोळंबी विकून मोकळा होतो, सोलणारी गर देऊन मोकळी होते, आणि सालं शेडच्या ठेकेदाराची होतात, कारण ती उचलायची तसदी त्याने घेतलेली असते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे: सालाला आज भावच किती, की त्यात वाटेकरी शोधायचे? नेचर या नियतकालिकात २०१५ साली सिंगापूरच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता. जगात दर वर्षी खेकडे, कोळंबी, शेवंडीची ६० ते ८० लाख टन सालं निघतात आणि वाळलेल्या कोळंबीच्या सालाला टनाला जेमतेम शंभर-सव्वाशे डॉलर मिळतात. मान्य. पण भाव कमी आहे तो कच्च्या सालाचा. औषधी दर्जाच्या कायटोसॅनचा भाव त्याच्या कितीतरी पट आहे. दोन्हींमधलं अंतर मुख्यतः स्वच्छतेचं आणि एकसारखेपणाचं आहे, आणि ती दोन्ही सोलणाऱ्या बाईच्या हातापासून सुरू होतात.

अर्थात या क्षेत्रात भुलवणाऱ्या गोष्टीही भरपूर आहेत. ग्लुकोसामाईनचंच घ्या. कायटिनपासूनच ते बनतं आणि गुडघेदुखीसाठी जगभर खपतं. आपल्या कित्येक शुद्ध शाकाहारी आजी ज्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतात त्यातलं ग्लुकोसामाईन कोळंबी-खेकड्याचं असू शकतं, डबीवरची बारीक अक्षरं वाचून बघा. पण २००६ मध्ये अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या दीड हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, एकूण रुग्णांचा विचार करता, ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरलं नाही. अॅस्टॅझॅन्थिनचंही तसंच. कोळंबी शिजवल्यावर लाल दिसते ती त्याच्यामुळे, बाजारात त्याला भाव सोन्यासारखा, पण सालात ते अगदी चिमूटभर असतं. एका सूक्ष्म शैवालात ते कितीतरी जास्त भरतं आणि कृत्रिम तर त्याहून स्वस्तात बनतं. कुणी सालापासून अॅस्टॅझॅन्थिन काढायच्या कारखान्यासाठी भांडवल मागत असेल तर खिशावर हात ठेवावा. कायटिन, प्रथिनं, तेल, कातडीचं कोलॅजेन, यांवर भर द्यावा. हे कंटाळवाणे पदार्थ आहेत, पण बाजार आहे तो यांनाच.

प्रथिनांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कचऱ्याच्या ढिगात दिसत नाही. रत्नागिरी-तळोज्याच्या पट्ट्यात सुरिमीचे कारखाने आहेत. राणीमाशाचा खिमा थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्याचा पांढरा, बेचव गोळा करतात, जपानकडे त्याच्या खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात. माशाच्या वजनाचा पाव-तिसरा हिस्साच त्या गोळ्यात येतो. डोकी, काटे, कातडी फिशमिलला, म्हणजे मासळी वाळवून-दळून खाद्य करणाऱ्यांकडे जातात. पण धुण्याच्या पाण्याबरोबर जी विरघळलेली प्रथिनं वाहून जातात त्यांना कुणी मोजत नाही. पाण्याचं आम्लपण बदललं की ती खाली बसतात, गाळून घेता येतात. काढली तर विकता येतात. नाही काढली तर सांडपाण्याचा भार वाढवतात आणि तो भार शेवटी नदीवर जातो.

नदीचं नाव घेतलं की तळोजा आलाच. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती, जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले. रंगाच्या कारखान्याचं पाणी होतं ते. तिथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, आणि नदीवर बोलणाऱ्यांत मच्छीमारच पुढे होते. आता कायटिनची नेहमीची पद्धत आठवा: आम्ल, कॉस्टिक, आणि पुन्हा पुन्हा धुणं. नेचरमधल्या त्याच लेखात म्हटलंय, की एक किलो कायटोसॅनला टनाहून जास्त पाणी लागतं. सासवनेपासून डहाणूपर्यंत खाड्याखाड्यांवर असे छोटे कारखाने उभे राहिले तर एका कचऱ्याचा दुसरा, वाईट कचरा होईल, आणि तो पुन्हा त्याच कोळ्यांच्या वाट्याला येईल. आम्लाऐवजी दुधाचं दही लावणाऱ्या जिवाणूंसारख्या जिवाणूंनी चुना सोडवायचा, विकरांनी प्रथिनं काढायची, असे सौम्य मार्ग आहेत. ते हळू चालतात आणि त्यातून निघणारं कायटिन पहिल्याइतकं शुद्ध नसतं. पण शेतीत फवारायला तेवढी शुद्धता पुरते. जखमेवरच्या पट्टीला लागणारी शुद्धता खतालाही हवी, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

या विषयावर बोलायचं तर आइसलँडचं नाव घ्यावंच लागतं. तिथे कॉडची पकड १९८१ मध्ये साडेचार लाख टनांच्या पुढे होती, नंतर निम्म्याच्याही खाली आली, पण माशामागे मिळणारा पैसा वाढला. डोकी भूगर्भातल्या उष्णतेवर वाळवून नायजेरियाला जातात. कॉडच्या कातडीची जखमांवर लावायची पट्टी तिथल्या एका लहानशा बंदरगावातल्या केरेसिस या कंपनीने काढली आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी १३० कोटी डॉलरपर्यंतच्या बोलीने विकत घेतली. फार भारावून जाऊ नये. त्यांच्याकडे मुख्य मासा एक, हवा थंड, आणि किती पकडायचा ते आधी ठरलेलं. आपल्याकडे एका जाळ्यात वीस-पंचवीस जाती आणि पारा तेहतीसवर. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: त्यांनी पकड आधी कमी केली, मग उरलेल्या माशाचा तुकडान् तुकडा वापरायला लागले. क्रम महत्त्वाचा.

आपण तो क्रम उलटा केला तर घात होईल, हीच माझी मोठी भीती. फिशमिलचा अनुभव समोर आहे. उरलंसुरलं वापरायला निघालेला धंदा पुढे अख्खी मासळी मागू लागला, आणि टीचभर पिल्लंही टनावारी त्यात जाऊ लागली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला तो याच कारणाने. उद्या कातडी-काट्यांना चढा भाव आला तर ती भूक जाळ्यापर्यंत जाऊ नये, यासाठी असे प्रकल्प सोललेल्या, कापलेल्या मालाच्या अवशेषांवरच चालतील, अख्खी मासळी घेणार नाहीत, अशी अट परवान्यातच हवी. शिवाय १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. दोन महिने माल नाही म्हणून कारखानदार ओरड करणार हे आताच लिहून ठेवा. त्याला उत्तर साठवणीचं आहे: वाळवलेली सालं महिनोन् महिने टिकतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती येतील, स्वागत आहे. पण शेतीचा दर्जा घ्यायचा तर उपपदार्थातल्या वाट्याचं सूत्रही शेतीकडूनच घ्यावं. त्यात एक अडचण आहे आणि ती चांगलीच अवघड आहे. ऊसवाल्याच्या नावावर सातबारा आहे, कारखान्याचा शेअर आहे. बोटमालक मच्छीमार सोसायटीचा सभासद आहे. सोलणाऱ्या बाईकडे यातलं काही नाही. ती बोटीची मालक नाही, बहुतेकदा सोसायटीची सभासद नाही, पुष्कळदा या किनाऱ्याचीही नाही, पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आलेली आहे. मासेमारीला मिळालेला शेतीचा दर्जा तिच्यापर्यंत पोचायला रस्ताच नाही. तेव्हा ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, बंदरांच्या नूतनीकरणाच्या निविदा निघतील तेव्हा दोन ओळी त्यांत घालून घ्याव्यात, अशी माझी मागणी आहे. सोलण्याच्या शेडमध्ये गराच्या वजनकाट्याशेजारी सालांसाठी दुसरा काटा, आणि त्या काट्याच्या पावतीवर सोलणारीचं नाव.